ब्यूरोच्या सिस्टरांनी ठरल्यापेक्षा खूप जास्त केलं. आभार कसे मानायचे?

अबोली_कोथरूड

सासूबाईंना जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा नाकात राइल्स ट्यूब (पोटात अन्न पोचवायची नळी) आणि खाली कॅथेटर (लघवीची नळी). नर्सिंग ब्यूरोतून दिवसपाळीची बारा तासांची सिस्टर लावली, एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) झालेली. रात्रीला एक मावशी. आता सासूबाई वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात, ट्यूब कधीच निघाली. त्यामुळे महिनाअखेर सिस्टरांची ड्यूटी बंद करतोय. मावशी राहतील.

औषधं, स्पंजिंग, दर दोन तासांनी कूस बदलणं हे त्यांचं कामच होतं आणि ते त्यांनी चोख केलं. त्यापुढचं सांगते. सासूबाई शाळेत गणित शिकवायच्या. बोलता येईना म्हणून चिडायच्या, वाटी ढकलून द्यायच्या. सिस्टर एक दिवस येताना आपल्या मुलाची पाटी घेऊन आल्या. दुपारचं आवरलं की सासूबाईंच्या डाव्या हातात पेन्सिल द्यायच्या आणि मुद्दाम चुकीचे पाढे म्हणायच्या. "सात आठे चोपन्न, हो ना आजी?" की सासूबाई पाटीवर ५६ लिहून त्याखाली दोन रेघा ओढायच्या. आजारानंतर त्यांच्या तोंडून स्पष्ट निघालेला पहिला शब्द "चूक!" हा होता. हे कुठल्याही ब्यूरोच्या कामाच्या यादीत नसतं.

शिवाय मार्चमध्ये एका रात्री मावशी आल्याच नाहीत आणि नेमका सासूबाईंना ताप भरला. सिस्टर घरी फोन करून रात्रभर थांबल्या. सकाळी पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "राहू द्या ताई, आजींसाठी थांबले."

आता घरात तीन मतं. नवरा म्हणतो पाकिटात एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम घालू. नणंद म्हणते पैसे दिले की केलेल्या मायेचा हिशोब केल्यासारखं होतं, साडी देऊन ओटी भर. सासरे म्हणतात त्यांनाच विचारा. ब्यूरोच्या करारात 'पेशंटच्या घरून पैसे, वस्तू, उचल घेऊ नये' असं कलम आहे, ते वेगळंच. आणि मावशींना काय वाटेल? अनुभव असलेल्यांनी लिहा.

कट्टेकरी_१२

पाटीचा किस्सा एक नंबर. रुमाल टाकून ठेवतो.

हिशोबनीस

ती रात्र आणि ती पाटी एकाच पाकिटात घालू नका. रात्र ही ड्यूटी आहे. कोणी सांगितली नव्हती म्हणून ती फुकट होत नाही. बारा तासांचा रात्रीचा दर जो असेल तो पूर्ण, आधी, वेगळा चुकता करा. नको म्हणाल्या तरी करा. 'नको' म्हणणं हा आपल्याकडचा रिवाज आहे, ती माफी नव्हे. अशी जादा थांबलेली रात्र, सुट्टीच्या दिवशी मारलेली चक्कर, पेशंट सोडून घरातल्या इतरांचं काढलेलं ब्लडप्रेशर, हे सगळं लोक 'किती चांगल्या होत्या हो' या खात्यात टाकून मोकळे होतात. आधी मजुरी, मग भेट.

मिठाचा_खडा

अप्रिय वाटेल पण लिहितो. पगार घेतात ना? आपण बँकेत जातो, कॅशियर हसून बोलला म्हणून त्याला पाकीट देतो का? एका घरी महिन्याचा पगार बक्षीस मिळाला की पुढच्या घरी अपेक्षा तयार. ते पुढचं घर कदाचित पेन्शनवर चालणारं असेल. पायंडे पाडणारे पाडून जातात, निस्तरतात दुसरेच.

सफेद_टोपी

मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात नोकरी झाली, निवृत्तीनंतर ठाण्यात काही वर्षं घरोघरी जाऊन ड्रेसिंग आणि कॅथेटर बदलायचं काम केलं. त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहिते.

मिठाचा_खडा, कॅशियर तुमच्या आईचं डायपर बदलत नाही, एवढंच म्हणते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुद्धा अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क त्या रुग्णालयातल्या माणसांचा मानला. पगाराच्या चिठ्ठीवर ते कोणत्या खान्यात लिहाल? पायंड्याची तुमची भीती मात्र खरी आहे. दिलं नाही म्हणून पुढच्या घरी काम बिघडवणाऱ्याही मी पाहिल्यात.

अबोली, तुमच्या सिस्टरांना सगळ्यात उपयोगी पडेल ते म्हणजे तुमच्या सहीचं पत्र. पैसे द्याच, त्यावर हिशोबनीस यांचं म्हणणं बरोबर आहे. पण पत्राशिवाय देऊ नका. ब्यूरोतल्या मुलींकडे नर्सिंगचं सर्टिफिकेट असतं, नोंदणी असते, आणि अनुभव दाखवायला काहीच नसतं. वर्षानुवर्षं बारा-बारा तास केलेलं काम कागदावर शून्य. ब्यूरो अनुभवाचं पत्र द्यायला खळखळ करतो, कारण मग मुलगी हॉस्पिटलात अर्ज करते.

आणि त्या पत्रात 'प्रेमळ, मनमिळाऊ, घरच्यासारखी' लिहू नका. ते वाचून कोणी नोकरी देत नाही. काय काय केलं ते लिहा. साधारण असं:

"श्रीमती ... (एएनएम, नोंदणी क्र. ...) यांनी जानेवारी ते मे या काळात आमच्या घरी पक्षाघात झालेल्या वृद्ध रुग्णाची दिवसपाळीत १२ तास शुश्रूषा केली. राइल्स ट्यूबमधून आहार देणे, कॅथेटरची निगा, रक्तदाब व साखर तपासून रोजची नोंद ठेवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम करून घेणे ही कामे त्यांनी केली. या संपूर्ण काळात रुग्णास बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झाला नाही. रुग्णाचे बोलणे परत यावे म्हणून पाटीवर पाढे लिहून घेण्याचा सराव त्यांनी स्वतःहून सुरू केला व त्याचा उपयोग झाला. अधिक माहितीसाठी संपर्क: ..."

'बेडसोअर झाला नाही' हे वाक्य विसरू नका. इतके दिवस अंथरुणावर काढलेल्या माणसाची पाठ साबूत राहिली हे वाचून कुठलीही मेट्रन (मुख्य परिचारिका) मान वर करून बघेल. इन्सुलिन दिलं असेल तर तेही घाला. पण न केलेलं काही भर म्हणून घालू नका, मुलाखतीत तिलाच उत्तर द्यावं लागतं.

बागेश्री_क

सफेद_टोपी, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. आमच्याकडे दोन वर्षं होत्या त्या सिस्टरांना आम्ही पैठणी दिली होती. पत्र सुचलंसुद्धा नाही कोणाला.

उदगीरची_लेक

माझी वहिनी ब्यूरोतून जाते, म्हणून साड्यांचं जरा सांगते. तिच्या कपाटात मिळालेल्या साड्यांची चळत आहे. नेसायच्या कधी? ड्यूटीला ड्रेस आणि वर एप्रन. फॉल-बिडिंग आणि ब्लाऊज शिवायचा खर्च तिचाच, तो मेला साडीच्या निम्म्यावर जातो. त्यातल्या किती तरी आहेरात आलेल्या आणि इकडून तिकडे फिरलेल्या असतात, ते घडीवरून ओळखू येतं हो. वापरलेल्या साड्या तर देऊच नका. 'जेमतेम दोनदाच नेसलीये' हे वाक्य ऐकून तिचे कान किटलेत.

तिला आवडलेली भेट सांगू? एका आजोबांच्या मुलाने पावसाळ्याच्या तोंडावर चांगला रेनकोट आणि चालायचे बूट घेऊन दिले. आधी मापाचा नंबर विचारला. दोन बस बदलून जाणाऱ्या बाईला त्याची किंमत कळते.

आणि जीपे करण्याआधी विचारा. कित्येकींचं खातं ज्या नंबरला जोडलेलं असतं तो फोन नवऱ्याच्या खिशात असतो. मेसेज आला की पैसे गेले. रोख हवेत की खात्यात, हे बाजूला घेऊन हळूच विचारलं तर ती खरं सांगेल.

मिठाचा_खडा

रेनकोट पटला. पत्र तर शंभर टक्के पटलं, त्याला खर्च नाही आणि पायंडा पडला तर चांगलाच.

कोरा_चहा

पैसे खर्च होऊन जातात. त्यापेक्षा मुलाच्या नावाने पोस्टात आरडी, किंवा तिचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्यावा. वर्षाला फक्त २० रुपये आणि अपघातासाठी २ लाखांचं कवच. ४३६ रुपयांची जीवनज्योतीही आहे, तिला वयाची अट ५० पर्यंत.

हिशोबनीस

योजना उत्तम, माहिती जरूर द्या. पण पैशांऐवजी नको. आपल्याला बोनस मिळतो तेव्हा कंपनी म्हणते का, 'तुम्ही उधळाल, म्हणून आम्हीच आरडी काढली'? तिच्याकडे घरभाडं थकलं असेल, मुलाची फी असेल, सोनाराकडे गहाण ठेवलेलं काही सोडवायचं असेल. तिचं तिला ठरवू दे. आणि आपण केलेली आरडी पुढे भरायची कोणी?

टेम्सकाठची

इथे इंग्लंडमध्ये माझ्या सासऱ्यांच्या पायाच्या जखमेला डिस्ट्रिक्ट नर्स घरी यायची, एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची. पाकीट पुढे केलं असतं तर तिची पंचाईत झाली असती. नर्सेसच्या नियामक मंडळाच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की अगदी किरकोळ सोडून कुठलीही भेट नाकारावी. चॉकलेटचा डबा चालतो, तोही सगळ्या टीमसाठी दिला तर बरा.

पण पत्राचं सफेद_टोपी म्हणाल्या ते इथेही तंतोतंत लागू. इथल्या नर्सला दर तीन वर्षांनी नोंदणी पुन्हा सिद्ध करावी लागते आणि त्यासाठी कामावरचे पाच अभिप्राय गोळा करावे लागतात. पेशंटच्या घरच्यांचं पत्र त्यात धरतात. आम्ही तिच्या मॅनेजरच्या नावे पत्र लिहिलं आणि एक प्रत तिला दिली. पुढच्या खेपेला आली ती पायातले बूट काढायच्या आधीच मिठी मारली. सासरे पार गोंधळून गेले.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतही होम हेल्थ एजन्स्यांचे नियम बहुधा असेच, रोख तर नकोच. इथे बऱ्याच हॉस्पिटलांत नर्ससाठी 'डेझी' पुरस्कार असतो. १९९९ मध्ये एका कुटुंबाने आपल्या मुलाच्या आठवणीत सुरू केला, त्याच्या नर्सेसनी दाखवलेल्या मायेसाठी. पेशंट किंवा नातेवाईक काय घडलं ते लिहून नाव सुचवतात. आमच्या आईने मराठीत लिहिलं, मी भाषांतर केलं. (आईला अजून वाटतं मी तिची दोन वाक्यं गाळली. गाळली होती.)

शिफ्टवाला

मी नाशकात छोटा ब्यूरो चालवायचो, आता बंद केला. अबोलीताई, ते कलम का असतं ते सांगतो. एक तर पेशंटकडून उचल घेऊन मुलगी दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाही, मग पार्टी ब्यूरोच्या दारात. दुसरं म्हणजे घरची माणसं तिला परस्पर लावून घेतात आणि ब्यूरोचं कमिशन बुडतं. खरं सांगायचं तर कलमाचा अर्धा जीव या दुसऱ्या कारणातच असतो. शेवटच्या दिवशी खुशीने दिलेल्या भेटीवर मी कधी हरकत घेतली नाही आणि सहसा कोणी घेत नाही.

तिसरं कारण मात्र महत्त्वाचं, आणि ते तिच्या बाजूचं आहे. माझ्याकडच्या एका मुलीला आजींनी स्वतःच्या हाताने चांदीचा छल्ला दिला. आजी पुढे वारल्या. महिन्याभराने सुनेने कपाट लावलं आणि छल्ला दिसेना. फोन थेट मला आला, पोलिसांचं नाव काढून. मुलगी रडून रडून सांगतेय, आजींनी दिला. साक्षीला कोण? शेवटी आजींच्या मुलालाच आठवलं, म्हणून निभावलं.

म्हणून वस्तू असो वा रक्कम, दिल्यावर ब्यूरोच्या नंबरवर दोन ओळी टाका: 'आजींची प्रकृती सुधारली, सिस्टरांना आम्ही आमच्या खुशीने अमुक भेट दिली आहे.' तोच मेसेज तिलाही पाठवा. तिच्या फोनमध्ये तो असला की झालं. आणि रक्कम ड्यूटी संपल्यावर द्या, मध्येच नको.

अबोली_कोथरूड

शिफ्टवाला, हे तर डोक्यातच आलं नसतं. सासूबाईंनी परवाच त्यांचं जुनं घड्याळ सिस्टरांच्या मनगटावर बांधायचा घाट घातला होता!

बिनधास्त_बाई

एक विषय कोणी काढत नाहीये म्हणून मी काढते. सिस्टरांचा चहाचा कप वेगळा आहे का? ताट? जेवतात कुठे, ओट्याजवळ खाली बसून की टेबलाशी? बाथरूम कुठलं वापरायचं सांगितलंय? मी अशी घरं पाहिली आहेत जिथे दिवाळीला घसघशीत पाकीट मिळतं आणि वर्षभर स्टीलचा एक पेला खिडकीत पालथा असतो, 'सिस्टरांचा'. अबोलीच्या घरी असं असेल असं मी म्हणत नाही. पण आभार शेवटच्या दिवशीच मानायचे असतात असा सगळ्या धाग्याचा सूर आहे, म्हणून लिहिलं.

आणि ओटी भरण्याआधी जरा थांबा. त्या ख्रिश्चन असतील, बौद्ध असतील, नवरा नसेल. नवरा नसलेल्या बाईला खणानारळ द्यायला माझी अजिबात ना नाही, पण ऐन वेळी घरातल्या एखाद्या काकूंचा हात कुंकवाच्या करंड्यापाशी अडखळतो ना, ते त्या बाईला दिसतं.

फोटो काढून स्टेटसला टाकू नका, हे वेगळं सांगायला नको. सांगितलं तरी.

अबोली_कोथरूड

टेबलाशीच जेवतात, सासूबाईंच्या शेजारी. आमटीत मीठ कमी आहे हे मला तोंडावर सांगणाऱ्या या घरात त्या दोघीच.

मुळशीचा_मावळा

आमचं गाव आत आहे. बाबांच्या पायाला मधुमेहाची जखम. उपकेंद्राच्या सिस्टर लसीकरणाच्या फेरीला येताना वाट वाकडी करून घरी ड्रेसिंग करून जायच्या. त्यांना काय द्यावं? तांदूळ देऊ केला तर पळून गेल्या.

सफेद_टोपी

पळाल्या ते बरोबर केलं. त्या सरकारी नोकर, त्यांना भेटवस्तूंचे वर्तणूक नियम लागू. त्यांना तुमच्या दारात चहा चालेल. बाकी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावाने पत्र लिहा, एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. ग्रामसभेत नाव घेऊन सांगितलंत तर आणखी छान. या बायकांच्या नावाने तक्रारी तेवढ्या लेखी जातात. कौतुक सगळं तोंडी, तेही पाठीमागे.

पिंपळपान_म

आमचे बाबा कॅन्सरने गेले. शेवटी वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरची मदत होती. तिथे पेशंटकडून काहीच घेत नाहीत. घरी येणाऱ्या सिस्टरांनी आईला मॉर्फिनच्या वेळा इतक्या शांतपणे शिकवल्या की आई रात्री आम्हाला न उठवता डोस द्यायची. त्यांना द्यायला काही नेलं तर हसून परत केलं. मग आम्ही केंद्राला देणगी दिली, आणि आईने काय केलं तर उरलेली एअर मॅट्रेस, व्हीलचेअर, न उघडलेले डायपर सगळं विचारून गरजू घरांसाठी पाठवून दिलं. अबोली, तुमच्याकडेही सामान उरेल. सिस्टरांना विचारा, त्यांच्या माहितीत कोणीतरी नक्की असतं.

कट्टेकरी_१२

मावशींचं राहिलंच की. त्या रात्री दांडी मारली म्हणून ठेंगा?

हिशोबनीस

दांडीचा आणि याचा संबंध नाही. सिस्टरांना बाजूला, खोलीत, एकटीला द्या. मावशी राहणार आहेत, त्यांना त्यांची वेळ येईल तेव्हा त्यांचं. त्यांना काय दिलं असं मावशींनी विचारलं तर खरं सांगा. लपवलं की दुप्पट वाढवून ऐकू जातं.

अबोली_कोथरूड

ठरलं ते लिहिते. त्या रात्रीचे पैसे कालच वेगळे दिले. "अहो ताई" असं तीनदा म्हणाल्या पण घेतले. रोख हवेत हे विचारल्यावर लगेच सांगितलं, म्हणजे उदगीरची_लेक यांचं बरोबर निघालं. महिनाअखेरीला नवऱ्याने म्हटलेली रक्कम पाकिटात, आणि सोबत चांगल्यातलं बीपीचं मशीन. त्यांनाच विचारलं होतं, म्हणाल्या पुढच्या पेशंटकडे बरेचदा मशीन धड नसतं. साडी रद्द. नणंद रुसली आहे, ती तिच्या वतीने मुलाला दप्तर घेऊन देणार आहे.

घड्याळाचं सासूबाई ऐकत नाहीत. तेव्हा ते सासऱ्यांच्या सहीच्या चिठ्ठीसकट जाईल.

पत्र सासूबाई स्वतः सांगताहेत आणि मी लिहून घेतेय. 'बेडसोअर झाला नाही' घातलं. सासूबाईंनी त्यात 'पाढे कच्चे आहेत' असं घालायला लावलंय, ते काढायचं कसं हा नवा प्रश्न.

मिठाचा_खडा

ठेवा की. दुसरी प्रत काढून त्यात ठेवा, ती घरी लावायला.

न्यूजर्सीकर

मी गाळून देऊ का? अनुभव आहे.

बागेश्री_क

पत्र हाताने लिहिलेलं चालतं की टाइप करून? आणि मराठीत की इंग्रजीत?

सफेद_टोपी

टाइप करून, खाली शाईची सही आणि तारीख. सरकारी किंवा पालिकेच्या ठिकाणी मराठी चालतं, खासगी हॉस्पिटलसाठी इंग्रजी प्रतही द्या. हाताने लिहिलेलं वेगळं द्या, ते ती ठेवून देते. संपर्काला आजींचा नाही, तुमचा नंबर टाका. आणि फोन आला तर उचला. मेट्रन एकदाच फोन करते, तोही भलत्या वेळी.